म्हातारीचा खर्च आणि चिंतामामा

परवा आमच्या सोसायटीत एक तरुण आला होता. नाशिकला मी राहतो त्या इमारतीत लिफ्टसाठी एक जनरेटर आहे. तो काढा आणि गच्चीवर सोलर बसवा, हे सांगायला तो आला होता. हातात गुळगुळीत कागद. डाव्या बाजूला डिझेलचा खर्च, उजव्या बाजूला सोलरचा आणि खाली हिरव्या अक्षरांत बचत. बाकीचे सभासद बचतीचा आकडा बघत होते. मी विचारलं, "ह्यात माणूस कुठे धरलाय?"

"कुठला माणूस, काका?"

"जनरेटर चालवणारा. आणि तुझ्या त्या काचा पुसणारा."

तो हसला. "काका, मेंटेनन्स झिरो आहे."

मला राग आला. मला पटकन राग येतो असं माझी बायको पस्तीस वर्षं सांगत आलीय आणि त्यात तिचं काही चुकत नाही. पण त्या पोराचा काय दोष? असाच एक कागद कधीकाळी मी स्वतः तयार केला होता, स्वतःच्या सहीशिक्क्याने. तेव्हा मी मोखाडा तालुक्यातल्या एका आश्रमशाळेचा मुख्याध्यापक होतो आणि आमचा जनरेटर चिंतामामा चालवत असत.

नाव चिंतामण. पण आश्रमशाळेत स्वयंपाक करणारी ती मावशी आणि बाकी सगळं करणारा तो मामा, असा रिवाजच असतो. उंची बेताची, खाकी हाफपॅन्ट, खांद्यावर फडकं. मामांच्या आधी त्यांचा डिझेलचा वास वर्गात पोचायचा आणि पोरं फळ्यावरची नजर काढून दाराकडे बघायची. मी चिडायचो. "मामा, तास चालू असताना येत जाऊ नका हो," असं म्हटलं की ते म्हणायचे, "मी कुठं आलो सर, वास आला."

आमची शाळा पठारावर होती. मोखाड्याहून जीपने पाऊण तास, आणि जीप सोडते तिथून चढ. विजेचे खांब जंगलातून आलेले. पावसाळ्यात एखादं झाड तारेवर आडवं झालं की आठ-आठ दिवस अंधार. तीनशे पोरं तिथेच राहणारी. संध्याकाळी सातपासून अभ्यास, मध्ये जेवण, पुन्हा अभ्यास. तेवढ्यासाठी तो जनरेटर. कुठल्याशा जुन्या योजनेतून आलेला, मूळचा हिरवा म्हणे. मी गेलो तेव्हा त्याला कुठलाच रंग उरला नव्हता. मामा त्याला म्हातारी म्हणत. मामा स्वतः रोजंदारीवर. नेमणुकीच्या कागदावर 'जनरेटर चालक' असं लिहिलेलं, आणि तो कागद दर जूनमध्ये नव्याने निघायचा.

म्हातारी नुसतं हँडल मारून सुरू होत नसे. मामा आधी तिच्यापुढे उकिडवे बसत, तिच्या अंगावरून हात फिरवत, काहीतरी पुटपुटत. शिव्या देतात की आर्जवं करतात हे मला शेवटपर्यंत कळलं नाही, कारण ते बोलणं त्यांच्या घरच्या भाषेत चालायचं. आवाजावरून त्यांना सगळं कळायचं. "खोकते बघा. पोटात पानी गेलंय," म्हणायचे आणि खरंच डिझेलमध्ये पाणी निघायचं. डिझेल गाळायला ते जुनं बनियन वापरत. आमचे क्लार्क, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत, त्यांनी एकदा जव्हारहून नवा कोरा फिल्टर आणला. मामांनी तो पिशवीसकट खुंटीला टांगून ठेवला. तीन महिने झाले तरी तो तिथेच. भाऊसाहेबांनी विचारलं तर म्हणाले, "चांगला हाय, ऱ्हाऊ दे. कोन साहेब आला म्हंजे दाखवू." आणि बनियनमधून डिझेल गाळत राहिले.

त्यांची एक काठी होती. बांबूची, हातभर लांब, टाकीत बुडवून डिझेल किती आहे ते बघायची. तिच्यावर कोयत्याने खुणा केलेल्या. मला वाटलं लिटरच्या असतील. एकदा मी विचारलं तर त्यांनी अंगठ्याने एकेक खूण दाखवली. "हे पानी चढवायचं. हे जेवन. हे धाकल्यांचा अभ्यास. हे दहावीच्या पोरींचा." लिटरशी मामांचं काही देणंघेणं नव्हतं. टाकीत दोन अभ्यास आणि एक जेवण उरलंय, असं ते सांगत. पहिल्या आठवड्यात मी हसलो. दुसऱ्या आठवड्यापासून मीही तेच विचारू लागलो, "मामा, अभ्यास किती शिल्लक?"

आणि त्यांचं ते एक वाक्य. काहीही झालं की म्हणायचं, "हे पन धरा." चढावर पाय घसरून गुडघा फुटला, हे पन धरा. जीप पंक्चर झाली आणि दुपार रस्त्यातच गेली, हे पन धरा. जव्हारचा मेकॅनिक आला, त्याने दीड तास म्हातारीचं पोट उघडून ठेवलं आणि आठ भाकऱ्या खाल्ल्या, मामा माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "सर, भाकऱ्या पन धरा." कुणी कुठे काही धरत नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं. तरी म्हणायचे. त्यात तक्रार नसे, सवयीनेच बोलायचे.

डिझेल मोखाड्याहून आणावं लागे. सकाळी रिकामा डबा घेऊन निघायचं, संध्याकाळी भरलेला घेऊन यायचं. बाजाराच्या दिवशी जीप इतकी भरते की ड्रायव्हरला गिअर टाकायला कुणाचा तरी गुडघा बाजूला करावा लागतो. त्यात डिझेलचा डबा कोण घेणार? टपावर ठेवला तर सांडतो. एकदा तहसील कचेरीतलं काम आटोपून मीही त्याच जीपने निघालो. बघतो तर मामा मागच्या बाकावर बसलेले, डबा मांडीवर, डब्याच्या तोंडाला प्लॅस्टिक आणि वरून फडकं बांधलेलं, आणि दोन्ही हातांनी धरलेला. नातीला धरावं तसा. ड्रायव्हरने भाडं मागितलं. मामांनी दोन माणसांचं दिलं.

"दुसरं कुणाचं?" मी विचारलं.

"डब्याचं, सर. जागा अडते ना त्याची."

"मांडीवर आहे की."

"मांडीवर हाय, पन वास सगल्यांना येतो. ड्रायव्हर म्हनतो, वासाची एक सीट."

मी ड्रायव्हरशी भांडलो. खाली उतरेपर्यंत भांडलो. काही उपयोग झाला नाही. नंतर कळलं की डब्याचं हे भाडं मामा कित्येक वर्षं स्वतःच्या खिशातून देत होते, कारण भाऊसाहेबांच्या व्हाउचरमध्ये डब्याच्या तिकिटाला रकाना नव्हता.

एका वर्षी आम्ही पोरांची सहल दाभोशाला नेली. धबधब्यासमोर सगळे ओरडताहेत, शिक्षक फोटो काढताहेत, आणि मामा एका खडकावर बसून नुसते पाण्याकडे बघताहेत. मला वाटलं, रमले. जवळ गेलो तर म्हणाले, "सर, हे रोज पडतं?" मी म्हटलं, रोज. "फुकट?" फुकट. मग म्हणाले, "ह्याचे अभ्यास किती झाले असते हो."

दहावीच्या पोरींचा अभ्यास हा त्यांचा हळवा कोपरा होता. म्हातारी सुरू करून दिली की ते मुलींच्या वर्गाबाहेर ओट्यावर बसायचे. जनरेटरच्या आवाजात पोरींना एकमेकींचं वाचलेलं ऐकू येत नसे, म्हणून त्या ओरडून वाचायच्या, आणि मामा ऐकायचे. का, ते मला पुष्कळ उशिरा समजलं. मामा तरुणपणी दिवाळीनंतर बायकोपोरांसह भिवंडीकडे वीटभट्टीवर जात. ह्या भागातली निम्मी माणसं जातात. त्यांची मुलगी सुमन चौथीत होती. त्या वर्षी भट्टीवर गेली ती पुन्हा शाळेत बसली नाही. "अक्षर चांगलं व्हतं तिचं," मामा एकदाच म्हणाले. त्यानंतर ही रोजंदारी मिळाली आणि भट्टी सुटली. सुमनचं तोवर लग्न होऊन गेलं होतं. ही रोजंदारी गेली तर पुन्हा भट्टी, हे शाळेत सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळ्यांत जास्त मामांना.

मग म्हातारी फारच थकली. आठवड्यातून दोनदा बंद पडू लागली. मी वर लिहिलं. उत्तर आलं की जनरेटरची मोठी दुरुस्ती करायची की सौर संच बसवायचा, ह्याचा तुलनात्मक तक्ता पाठवा. सोबत सोलरवाल्यांचा एक छापील कागद होता. मला स्वतःला सोलर हवा होता. धूर नको, आवाज नको, पोरींनी माणसांसारखं हळू वाचावं. पण मी आणि भाऊसाहेबांनी दुपारभर बसून तक्ता केला तर उलटंच निघालं. डिझेल, ऑइल, दुरुस्ती असं सगळं पाच वर्षांचं धरलं तरी म्हातारी स्वस्त. सोलरचा पहिलाच आकडा इतका मोठा की पुढचं कुणी वाचणारच नाही. मी चिडून कागद टेबलावर आपटला.

मामा चहा घेऊन आले होते. त्यांनी कागद उचलला. अक्षर लावत लावत ते वाचायचे, ओठ हलवत. दोन्ही रकाने वाचून झाल्यावर त्यांनी कागद परत ठेवला.

"सर, ह्याच्यात मना धरलाच नाय."

भाऊसाहेब म्हणाले, "मामा, तुमचा पगार स्वयंपाकाच्या बायकांबरोबर वेगळ्या बिलात निघतो. त्याचा इथे संबंध नाही."

"बिल वेगलं असंल. पन मी म्हातारीसाठीच हाय ना? ती नसती तर मी कशाला असतो?"

भाऊसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मामा खाली बसले आणि सांगू लागले. मोखाड्याच्या खेपा महिन्याला किती. जाण्याचं भाडं, येण्याचं भाडं, डब्याचं भाडं. सांडलेलं डिझेल. पट्टे. मेकॅनिक आणि त्याच्या भाकऱ्या. आणि काठी आणून ठेवली टेबलावर: एका अभ्यासाला किती, एका जेवणाला किती. भाऊसाहेब आधी कुरकुरले, मग गुपचूप लिहू लागले. शेवटी राहिली ती मामांची रोजंदारी. बारा महिने, पाच वर्षं. ती ओळ मांडली की बेरीज कुठे जाणार ते मला दिसत होतं. मी भाऊसाहेबांच्या हातावर हात ठेवला.

"मामा, हे धरलं तर सोलर स्वस्त पडतो."

"मंग धरा."

"अहो, त्यांच्या कागदावर लिहिलंय की सोलरला माणूस लागत नाही. कळतंय का तुम्हाला मी काय म्हणतोय?"

"वाचलं ना मी आत्ताच," मामा म्हणाले. आवाज अजिबात चढला नाही. "सर, मी डिझेलला जातो त्या दिवशी जीप नाय भेटली तर पोरींचा अभ्यास बुडतो. तो कशात धरनार तुमी? तो धरता येत नाय. मंग मना तरी धरा."

मी काय करायला हवं होतं, ह्याचा विचार मी आजही करतो. ती ओळ गाळता आली असती. कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण सोलर मलाही हवा होता, आणि समोर बसलेला माणूस धरा म्हणत होता. भाऊसाहेबांनी लिहिलं. मी सही केली. मामांनी चहाचे कप गोळा केले आणि म्हणाले, "थंड झाला, पुन्हा करून आनतो."

सोलर आला. काचा वर चढवायला मामाच पुढे. बसवणाऱ्या इंजिनिअर पोराला त्यांनी विचारलं, "ही बिघडली म्हंजे आवाज कसा येतो?" पोरगा म्हणाला, "काका, ही बिघडतच नाही." मामांनी त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं की मला हसू फुटलं. पहिल्या संध्याकाळी दिवे लागले. शाळा एकदम शांत. पोरी सवयीने ओरडूनच वाचत होत्या, मग एकेकीच्या लक्षात आलं आणि त्या हळू झाल्या. बाहेर ओट्यावर मामा कानाजवळ हात धरून बसले होते. त्यांना आता काही ऐकू येत नव्हतं. जूनमध्ये त्यांच्या नेमणुकीचा कागद निघाला नाही.

आणि मग पाऊस लागला. आमच्याकडचा पाऊस म्हणजे आठ-आठ दिवस धुकं हटत नाही. गच्चीवर सागाची पानं येऊन काचांना चिकटली, कडेला शेवाळ धरलं. अभ्यास अर्ध्यावर येईतो दिवे पिवळे पडू लागले. मी मेंटेनन्ससाठी सोलरवाल्यांना फोन केले, तर पावसाने रस्ता खचलाय, उघडीप झाली की येतो म्हणाले. तिसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेच्या वेळी सगळी पोरं वर बघायला लागली. मामा गच्चीवर होते. डोक्यावर पोत्याची खोळ, हातात तेच बनियन. पाड्यावरून भिजत आले होते, कुणी बोलावलं नसताना. पाला काढला, काचा पुसल्या, बॅटऱ्यांची टोकं घासली, आणि खाली येऊन मला म्हणाले, "बोलत नाय ही, म्हनून रोज बघावी लागते. म्हातारी बरी, सांगायची तरी." मग मावशींना सांगून व्हरांड्यातले दिवे काढायला लावले. जेवण उजेड असताना करा, दिवे फक्त अभ्यासाला. त्या रात्रीपासून अभ्यास पुरा होऊ लागला.

पावसाळाभर ते दिवसाआड आले. आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढून त्यांना दिली. त्यांनी पैसे दोनदा मोजले, आणि म्हणाले, "चपला नाय धरल्या तुमी." मी खिशातून आणखी काढले तर हसले आणि घेतले. घेतले ते बरं केलं. नसते घेतले तर मला झोप लागली नसती.

पण वर्गणी किती दिवस पुरणार. मी पुन्हा वर लिहिलं: सोलरला माणूस लागतो, पुसायला, बघायला, वर्षभर, हा माणूस आमच्याकडे आहे, त्याला ठेवू द्या. उत्तर फार सभ्य होतं. आपणच सादर केलेल्या तक्त्यात सौर संचासाठी मनुष्यबळाची नोंद नाही, सबब मागणी अमान्य. मी तक्ता काढून बघितला. खरंच नव्हती. डाव्या रकान्यात आम्ही मामांना आधी विसरलो होतो, ते त्यांनी स्वतः दाखवून दिलं. उजव्या रकान्यात विसरलो, ते कुणीच दाखवलं नाही. छापील कागदावर होतं तसं भाऊसाहेबांनी उतरवलं आणि मी त्यावर सही ठोकली. मुख्याध्यापक म्हणून माझ्या सगळ्या सह्यांत तेवढी एक मला पुसता यायला हवी होती.

दिवाळी झाली, भात झोडून झालं. एका बाजाराच्या दिवशी मी मोखाड्याला गेलो होतो. स्टँडजवळ जीप भरत होती आणि तिच्या मागच्या बाकावर मामा. शेजारी मामी. पायाशी टोपली, तवा, गुंडाळलेली गोधडी. मामांच्या मांडीवर एक बोचकं होतं आणि ते त्यांनी दोन्ही हातांनी धरलं होतं, डबा धरायचे तसंच.

"कुठे निघालात?" मी विचारलं. कुठे ते दिसत होतं.

"भिवंडीकडं. भट्टीवर. जोडीनं गेलं तर घेतात अजून." आणि लगेच, "सर, फडकी जिन्याखाली ठेवलीत. पोरींना सांगा, सकाळीच पुसायचं. काच तापल्यावर पानी नका मारू, तडकते. बॅटरीचं पानी पंधरा दिवसांनी."

"सांगतो."

"दहावीच्या पोरींना सांगा. धाकल्यांना गच्चीवर नका चढवू."

"नाही चढवत."

ड्रायव्हर भाडं गोळा करत आला. मी खिशात हात घातला तेवढ्यात मामांनी दोघांचं भाडं देऊन टाकलं. तिसरं द्यायचं नव्हतं. जीप सुरू झाली, तसे ते बाहेर वाकले.

"सर, तो तक्ता बरोबर व्हता ना?"

मी त्यांच्याकडे बघितलं. साठीला आलेला माणूस, बोचकं मांडीवर.

"बरोबर होता, मामा," मी म्हणालो. खोटं बोललो.

"मंग झालं."

जीप हलली. स्टँडच्या वळणापर्यंत मी तिच्यामागे चालत गेलो. मला वाटलं, आत्ता म्हणतील. निदान आज तरी म्हणतील, सर, हे पन धरा. ते म्हणाले नाहीत.